जुन्या संगणकावर लिनक्स : पडदा का अडखळतो?

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज 11 ला इंटेलचा साधारणपणे 2017 नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधीचे, पण अद्याप धडधाकट असलेले असंख्य संगणक एकाएकी निराधार झाले. बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे मँगेनीजच्या खाणीचे गाव. भंडारा जिल्ह्यातील तुमसरहून तिथे रेल्वेचा फाटा जातो. अशा गावात असो वा आपल्याकडे सांगे-डिचोलीत, चालता संगणक भंगारात काढणे कोणालाच परवडणारे नाही. लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली हा त्यावरचा उघड मार्ग आहे. मात्र ती बसवल्यावर पुष्कळांचा हिरमोड होतो : खिडकी सरकवताना पडदा अडखळतो, चित्रफीत तुटक दिसते, पंखा घोंघावत राहतो. दोष बहुधा संगणकाच्या वयाचा नसून ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो.

पडद्यावरील चित्र रेखाटण्यासाठी संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स प्रोसेसर असतो. त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये दोन भागांत विभागलेला आहे. पहिला भाग कर्नलमध्ये राहून यंत्राची स्मृती आणि पडद्याचे मापन सांभाळतो. दुसरा 'मेसा' या संचात असून प्रोग्रामांच्या चित्रविषयक आज्ञा त्या यंत्राच्या भाषेत उतरवतो. ब्रायन पॉल यांनी मेसाचे काम 1993 मध्ये एकट्याने आरंभले होते. दोहोंपैकी एक भाग जरी अडला, तरी पडदा काळा पडतोच असे नाही. मेसा 'एलएलव्हीएमपाइप' नावाच्या पर्यायाकडे वळते आणि सारे रेखाटन मुख्य प्रोसेसरवर लादते. हीच खरी फसगत : सर्व काही दिसते, म्हणून सर्व काही ठीक आहे असे वाटते.

निदान सोपे आहे. टर्मिनलमध्ये रोमन लिपीत 'एलएसपीसीआय', एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि 'के' टंकावे. ग्राफिक्सच्या नोंदीखाली वापरात असलेल्या कर्नल ड्रायव्हरचे नाव दिसते. इंटेलसाठी ते बहुतेकदा 'आय 915', एएमडीसाठी 'रेडिऑन' अथवा 'एएमडीजीपीयू', एन्व्हिडियासाठी 'नूव्हो' अथवा 'एन्व्हिडिया' असते. तेथे काहीच नसेल तर पहिला संशय फर्मवेअरवर घ्यावा. एएमडीच्या कार्डांना सुरू होताना एक छोटी बंदिस्त फाइल लागते, आणि डेबियनच्या जुन्या आवृत्त्या तत्त्वाग्रहापोटी ती सोबत देत नसत. 2023 च्या डेबियन 12 पासून हा अडसर दूर झाला.

दुसरा संशय 'नोमोडसेट' या शब्दावर. प्रतिष्ठापनेच्या वेळी पडदा काळा पडला की कोणीतरी हा शब्द बूटच्या ओळीत घालायला सांगतो, काम भागते आणि तो तिथेच राहून जातो. त्याने कर्नलचा ग्राफिक्स भागच बंद होतो. तो काढून टाकणे, एवढ्यानेही कित्येक संगणक सुरळीत होतात.

इंटेल व एएमडी यांच्याबाबतीत याहून अधिक खटाटोप सहसा लागत नाही. एएमडीने 2007 मध्ये आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्याचे जाहीर केले, त्याची फळे आज मिळत आहेत. एन्व्हिडियाची कथा निराळी. पुण्यात मोठे अभियांत्रिकी केंद्र असलेल्या या कंपनीने आपला ड्रायव्हर दीर्घकाळ बंदिस्त ठेवला. 2012 मध्ये फिनलंडमधील एका व्याख्यानात लिनस टोरवाल्ड्स यांनी तिला भरसभेत अर्वाच्य शब्द ऐकवले होते. 2022 मध्ये तिने कर्नलचा भाग खुला केला, पण तो ट्युरिंग म्हणजे 2018 च्या पिढीपासून पुढच्या कार्डांपुरता. जुन्या कार्डांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी कंपनीच्या जुन्या शाखांचे ड्रायव्हर आहेत. पण त्यांतील कित्येकांचा आधार संपला असून ते नव्या कर्नलवर बसत नाहीत. मग 'नूव्हो' हाच आधार, आणि 2014 नंतरच्या काही पिढ्यांत स्वाक्षरी असलेल्या फर्मवेअरअभावी तो कार्डाचा वेग वाढवू शकत नाही. म्हणून जुना संगणक लिनक्ससाठी विकत घेणाऱ्याने इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सला पसंती द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

एन्व्हिडियाचा ड्रायव्हर घ्यायचाच असेल, तर तो कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवू नये. आपल्या वितरणाच्या भांडारातूनच घ्यावा. अन्यथा पुढील कर्नल बदलताच पडदा जाण्याचा धोका असतो. सिक्युअर बूट चालू असल्यास बसवताना एक परवलीचा शब्द मागितला जातो. संगणक पुन्हा सुरू होताच निळ्या पडद्यावर तोच शब्द देऊन किल्ली नोंदवायची असते. घाईत तो पडदा ओलांडला, तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

गोव्याला हा खटाटोप नवा नाही. शतकाच्या आरंभी 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट'ने वापरलेले संगणक लिनक्ससह शाळांपर्यंत नेले. त्या काळी लिनक्सवर पडदा उजळण्यासाठी मॉनिटरची कंपने हाताने फाइलमध्ये लिहावी लागत, आणि आकडा चुकला तर मॉनिटर बिघडण्याची भीती असे. 2009 मध्ये मापनाचे काम कर्नलकडे गेले, तेव्हापासून ती फाइल बहुतेकांना उघडावीच लागत नाही.

शेवटची खातरजमा अशी : 'मेसा-युटिल्स' हे पॅकेज घेऊन त्यातील 'जीएलएक्सइन्फो' चालवावे आणि 'रेंडरर'ची ओळ पाहावी. तेथे आपल्या कार्डाचे नाव असेल तर काम झाले. एलएलव्हीएमपाइप असेल तर वरून पुन्हा सुरुवात करावी.