डोळ्याच्या खोबणीला मार : नाक शिंकरू नका, वेळ घालवू नका

पुण्यात दुचाकीवरून पडणे, मैदानात क्रिकेटचा बॉल तोंडावर बसणे रोजचेच झाले आहे. डोळा काळानिळा झाला की आपण बर्फ लावून मोकळे होतो. पण मार खोबणीच्या हाडाला लागला असेल तर? त्यासाठी ही माहिती देत आहोत.

खोबण कशी असते?
खोबण सात हाडांची मिळून बनते : कपाळ, गाल, वरचा जबडा, टाळू, अश्रुपिशवीजवळचे छोटे हाड, नाकालगतचे चाळणीसारखे हाड आणि मागचे फुलपाखराच्या आकाराचे हाड. तिची कड मजबूत असते, पण नाकाकडची भिंत कागदासारखी आणि तळही पातळच. या दोन्हींच्या पलीकडे हवेच्या पोकळ्या, म्हणजे सायनस असतात. जोराचा मार बसला की बहुधा इथेच हाड तुटते.

लक्षणे
एकाच्या दोन वस्तू दिसणे, डोळा वर न फिरणे, गाल व वरचा ओठ बधिर होणे, नंतर डोळा आत गेलेला दिसणे. लहान मुलांमध्ये डोळा वरून ठीक दिसतो, पण स्नायू फटीत अडकलेला असू शकतो. वर बघताना दुखते, उलट्या होतात. अशा मुलाला लगेच दाखवा.

डोळा पुढे येऊन घट्ट लागत असेल, नजर अंधुक होत असेल तर आत रक्त साठून नस दबत असते. दीड-दोन तासांतही नजर कायमची जाऊ शकते.

काय करावे?
डोळा दाबू नका, चोळू नका. सुरमा, मध घालू नका. घुसलेली वस्तू ओढू नका. 108 ला फोन करा किंवा ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठा. हाड तुटले का, हे सीटी स्कॅनमध्ये कळते.

वुजू आणि नमाज
नाक शिंकरल्याने सायनसमधली हवा खोबणीत घुसते आणि पापणी फुगते. वुजूत नाकात पाणी घेणे हनफी आणि शाफई, दोन्हींत सुन्नत आहे, फर्ज नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस ते सोडता येते. वाकायला मनाई असेल तर नमाज इशाऱ्याने पढता येते. गुस्लबाबत मात्र आपल्या आलिमांना विचारा.

आणि हेल्मेट वापराच. अर्ध्या हेल्मेटमध्ये गाल आणि डोळा उघडाच राहतो, पूर्ण चेहरा झाकणारे घ्या.