मऊ ब्रेक पेडल

मऊ ब्रेक पेडल हा द्रवचालित ब्रेक असलेल्या मोटार वाहनांत आढळणारा दोष आहे. यात पेडल दाबताना पायाला अपेक्षित घट्टपणा जाणवत नाही, पेडल नेहमीपेक्षा खोल जाते आणि वाहन थांबण्यास अधिक अंतर लागते. पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या पिकअप वाहनांत या दोषाची कारणे अनेक असतात. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करणे आवश्यक ठरते.

कार्यतत्त्व

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा चालते. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेकद्रव नळ्यांत ढकलतो. पुढील चाकांवर कॅलिपर पॅडना डिस्कवर दाबतो. मागील चाकांवर व्हील सिलिंडर ब्रेक शू फाकवून ड्रमला टेकवतो. द्रव दाबाने जवळजवळ आकुंचन पावत नाही, हवा मात्र पावते. म्हणून यंत्रणेत थोडी जरी हवा शिरली, तरी पेडलची बरीचशी हालचाल ती दाबण्यातच खर्ची पडते.

लक्षणांतील भेद

• पेडल स्पंजासारखे लवचीक लागते व लागोपाठ दाबल्यावर काहीसे घट्ट होते : नळ्यांत हवा.
• पेडल खोल जाते, पण शेवटी घट्ट लागते व दुसऱ्यांदा दाबल्यावर वर येते : मागील शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले.
• पाय स्थिर दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली सरकते : गळती. ती बाहेर दिसत नसल्यास मास्टर सिलिंडरमधील झिजलेली सील.
• ब्रेक थंड असताना पेडल ठीक, लांब उतारानंतर मऊ : तापलेल्या द्रवाची वाफ.

व्हॅक्यूम बूस्टर निकामी झाल्यास पेडल मऊ नव्हे, तर कठीण होते. तो वेगळा दोष होय.

कारणे

ब्रेकद्रवाला बोलीभाषेत ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. परंतु प्रचलित डॉट ३ व डॉट ४ हे द्रव ग्लायकॉलवर्गीय असून खनिज तेल नव्हेत. चुकून इंजिन ऑइल वा अन्य खनिज तेल टाकीत पडल्यास रबरी सील फुगतात व संपूर्ण यंत्रणा धोक्यात येते. ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ द्रवाचा किमान उत्कलनबिंदू कोरडा असताना २०५ अंश सेल्सियस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. घाट उतरताना सतत ब्रेक दाबून धरल्यास जुना द्रव उकळू शकतो. ओलाव्यामुळे पोलादी नळ्या व सिलिंडर आतून गंजतात.

जुने रबरी होज दाबाखाली फुगणे, व्हील सिलिंडर पाझरणे, तसेच दुरुस्तीच्या वेळी डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल होऊन हवा काढण्याचे निपल खालच्या बाजूस येणे, हीही कारणे आढळतात. अशा कॅलिपरमधील वरची हवा निघतच नाही.

निदान

प्रथम टाकीतील द्रवाची पातळी पाहतात. पॅड झिजल्यानेही पातळी काहीशी उतरते. ती वारंवार उतरल्यास मात्र गळती गृहीत धरावी लागते. त्यानंतर होज, नळ्यांचे सांधे, मागील ड्रमची आतील बाजू आणि मास्टर सिलिंडर व बूस्टर यांचा सांधा तपासतात. पुढची पायरी शू व ड्रममधील अंतर नियमित करण्याची असते. ती वगळल्यास हवा कितीही काढली तरी पेडल खोलच राहते. दोष तरीही राहिल्यास मास्टर सिलिंडरची निर्गमद्वारे योग्य आट्यांच्या बुचांनी बंद करून पेडल दाबतात. पेडल घट्ट लागल्यास दोष पुढील नळ्यांत वा चाकांवर असतो. मऊच राहिल्यास मास्टर सिलिंडरमध्ये असतो.

हवा काढणे

निर्मात्याने वेगळा क्रम दिलेला नसल्यास सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. एकजण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सैल करून हवा व द्रव बाहेर जाऊ देतो आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करतो. टाकी रिकामी होऊ न देणे महत्त्वाचे असते.

जुन्या वाहनात पेडल तळापर्यंत दाबू नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजलेल्या भागावरून सरकताना सील फाटू शकते. यासाठी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवतात. अनेक पिकअपमध्ये मागील धुऱ्याजवळ भारानुसार दाब नियंत्रित करणारी झडप असते. वाहन चासीवर उचलून धुरा लोंबकळत ठेवल्यास ही झडप मागील प्रवाह रोखते व हवा आत राहते. म्हणून धुऱ्यावर वाहनाचा भार असताना हे काम करतात.

सुरक्षितता

पेडल दोन-तीनदा दाबल्यावर घट्ट होणे हे दुरुस्तीचे लक्षण नव्हे. अचानक थांबण्याच्या वेळी तेवढा अवधी मिळत नाही. माल भरलेल्या वाहनास थांबण्यासाठी अधिक अंतर लागत असल्याने दोष दूर होईपर्यंत वाहन रस्त्यावर आणू नये. दुरुस्तीनंतर प्रथम उभ्या वाहनात व मग मोकळ्या सपाट जागी मंद वेगात चाचणी घेतात. ब्रेकद्रव रंग खराब करतो. सांडल्यास तो लगेच पाण्याने धुवावा लागतो.