इंदूरला राहायला जाताना : मंडळ, नाटक आणि गणपती

फोपनार-बुऱ्हाणपूर भागातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडणाऱ्यांपैकी बरेच जण इंदूरला जातात. अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे तसे जवळच. पण खोली मिळाली, गॅस लागला, मुलांचे ॲडमिशन झाले म्हणून शहर आपले होत नाही. तिथे ओळखी कशा होतात, याची थोडी माहिती सभासदांच्या कुटुंबांना असावी म्हणून हे लिहीत आहे.

इंदूरची मराठी वस्ती होळकरांच्या काळापासूनची. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा भरले. महाराष्ट्र साहित्य सभा ही तिथली जुनी संस्था, तिचा शारदोत्सव प्रसिद्ध आहे. नाटकांसाठी सानंद न्यास. मुंबई-पुण्याचे नाटक सानंद इंदूरला आणते आणि सभासदांच्या पाच समूहांसाठी शनिवार-रविवार मिळून त्याचे पाच प्रयोग होतात. समूहांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी इंदूरच्याच माणसांची नावे दिलेली आहेत. महाराष्ट्रातल्या किती गावांत एका नाटकाचे दोन दिवसांत पाच प्रयोग होत असतील, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

मात्र नुसते तिकीट काढून ओळख होत नाही, हा माझा अनुभव आहे. बँकेने माझी इंदूरला बदली केली तेव्हा पहिले सहा महिने आम्ही दोघे कार्यक्रमांना जात होतो. मागच्या रांगेत बसायचे, टाळ्या वाजवायच्या, घरी यायचे. कार्यक्रम उत्तम, ओळख एकही नाही. एकदा चहाच्या रांगेत सौ.ने आपल्या गावच्या बोलीत काही विचारले तर दोन बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यानंतर दोन महिने ती कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. "परत जाऊ," असे म्हणू लागली. आपली बोली खानदेशी वळणाची, त्यात हिंदी मिसळलेली. मुले तर हिंदी माध्यमात शिकलेली. "आपले मराठी शुद्ध नाही" म्हणून मंडळाकडे न फिरकणारी आपली बरीच मुले मला माहीत आहेत.

आमचे बस्तान बसले ते कॉलनीच्या गणपतीत. मी बँकेत आहे हे कळल्यावर कार्यकर्त्यांनी पावतीपुस्तके आणि जमाखर्च माझ्यापुढे ठेवला. कॅश टॅली होईना, म्हणून तीन रात्री चार जण आमच्या घरी बसलो. फरक निघाला ५१ रुपयांचा. एक पावती दोनदा लिहिलेली होती. तोवर त्या चौघांच्या घरच्यांची नावे, मुलांच्या इयत्ता सगळे ठाऊक झाले होते. सौ.ने प्रसादाला बुऱ्हाणपूरचा दराबा केला आणि शेजारणी कृती विचारायला आल्या. बोलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून नव्याने जाणाऱ्यांना मी सांगतो की सभासद व्हाच, पण काहीतरी काम मागून घ्या. सतरंज्या घालणे, वर्गणीला फिरणे, मुलांच्या नाटुकल्याची तालीम घेणे, काहीही. जूनमध्ये गेलेल्यांना भाद्रपद फार लांब नसतो.

इंदूरच्या कापड गिरण्यांतही हेच घडले. निरनिराळ्या मुलखांतून कामाला आलेली माणसे पाळी संपल्यावर गणपतीची झांकी सजवू लागली. हुकुमचंद मिलची झांकी १९२४ पासूनची मानतात. मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांचा पैसा वर्षानुवर्षे अडकला, तरी त्यांनी झांकी काढणे सोडले नाही.

इंदूरखेरीज दुसऱ्या शहरात जायचे असेल तर तिथल्या महाराष्ट्र मंडळाची चौकशी करावी. बहुतेक मोठ्या शहरांत ते आहे. लंडनचे मंडळ तर १९३२ साली न. चिं. केळकरांच्या हस्ते सुरू झाले. (आपल्या फोपनारहून सगळ्यात लांब बदली झाली ती १९६४ साली सापडलेल्या बुद्धमूर्तींची. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्या कायमच्या रुजू झाल्या!)

अनंत चतुर्दशीला इंदुरात असाल तर झांक्या जरूर पाहा. मिरवणूक रात्रभर चालते. लहान मूल बरोबर असल्यास सुरुवातीच्याच भागात उभे राहून वेळेवर घरी परतावे, आणि गाडी घरीच ठेवावी.