चेहरा खेळाडूचा की देशाचा? याओ मिंगच्या १ युआनच्या खटल्याची गोष्ट

मे २००३. चीनमध्ये कोका-कोलाच्या बाटल्यांवर साडेसात फूट उंच बास्केटबॉलपटू याओ मिंगचा फोटो झळकला, सोबत राष्ट्रीय संघातले आणखी दोघे. अडचण अशी की याओचा जाहिरात करार होता पेप्सीशी. त्याने शांघायच्या कोर्टात कोकवर खटला भरला. मागण्या दोनच: जाहीर माफी आणि १ युआन भरपाई. तेव्हाच्या दराने सहा रुपयांहूनही कमी!

मग एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात का जायचं? कारण प्रश्न पैशांचा नव्हताच. याओचा चेहरा विकायचा हक्क कोणाला, हा होता.

कोकचं म्हणणं काय होतं?

कोक राष्ट्रीय संघाचा प्रायोजक होता आणि संघाचे व्यावसायिक हक्क सांभाळणाऱ्या कंपनीशी त्याचा करार होता. संघाचा फोटो वापरता येतो, मग त्यात याओ आलाच, असा युक्तिवाद. याओचं म्हणणं होतं, मला कोणी विचारलंच नाही. चीनच्या दिवाणी कायद्यातही संमतीशिवाय कोणाचा फोटो धंद्यासाठी वापरायला मनाई होती.

पण सरकारचा हक्क येतो कुठून?

चीनमध्ये उंचीपुरी मुलं लहानपणीच हेरून क्रीडा शाळेत घातली जायची. प्रशिक्षण, जेवण, राहणं सगळं सरकारी खर्चाने. त्यामुळे खेळाडू घडवला देशाने, तर त्याच्या नावाची किंमतही देशाची, हा विचार रुजला. १९९६ च्या एका सरकारी आदेशात तर खेळत असलेल्या खेळाडूंची 'अमूर्त संपत्ती' देशाच्या मालकीची असल्याचं म्हटलं होतं. अमूर्त संपत्ती म्हणजे नाव, चेहरा, प्रसिद्धी.

२००२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने याओला एनबीए ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट म्हणजे संघांनी नवे खेळाडू क्रमाने निवडण्याची पद्धत. चिनी बास्केटबॉल संघटनेची परवानगी मात्र अगदी शेवटपर्यंत अडली होती. कमाईतला वाटा कोणाला किती, यावर घासाघीस झाली. आणखी एक अट होती: राष्ट्रीय संघाने बोलावलं की यायचं.

नाही आलं तर?

याचं उत्तर वांग झीझीच्या बाबतीत मिळालं. एनबीएत खेळणारा हा पहिला चिनी खेळाडू. तो सैन्याच्या बायी संघाचा होता आणि २००१ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून उतरला. २००२ च्या उन्हाळ्यात राष्ट्रीय संघाचं बोलावणं आलं. एनबीएतली जागा पक्की करायला अमेरिकेतच थांबायचं त्याने ठरवलं. त्याला राष्ट्रीय संघातून काढलं गेलं. चार वर्षांनी, २००६ मध्ये तो मायदेशी परतला, जाहीर माफी मागितली आणि मगच संघाची दारं उघडली.

याओने हाक कधी टाळली नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं. तरी ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये ध्वज घेऊन तो सर्वांत पुढे होता आणि सामनेही खेळला. पुढच्या वर्षी पाय पुन्हा मोडला. २०११ मध्ये, तिशीतच, तो निवृत्त झाला. राष्ट्रीय संघाची ड्युटी हेच कारण, असं म्हणता येत नाही. पण एनबीएतले बाकीचे खेळाडू विश्रांती घेत, ते महिने तो देशासाठी खेळत होता, हे खरं.

खटल्याचं काय झालं?

ऑक्टोबर २००३ मध्ये कोकने माफी मागितली आणि याओने खटला मागे घेतला. तो जिंकला, पण कोर्टाचा निकाल आलाच नाही. त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहिला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तो पुन्हा दिसला. एनबीए खेळून चिनी लीगमध्ये परतलेल्या यी जियानलियानचा करार होता नाइकेशी, लीगचा ली-निंगशी. सामना सुरू असताना यीने ली-निंगचे बूट काढले आणि कोर्टवरच टाकून तो निघून गेला.

आणि याओ?

तो २०१७ मध्ये चिनी बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रॉकेट्सचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने ट्विट केलं. त्यानंतर संघटनेने रॉकेट्सशी सहकार्य थांबवलं. हा तोच संघ, ज्याने याओच्या सन्मानार्थ त्याची ११ नंबरची जर्सी निवृत्त केली होती. आणि ही तीच संघटना, जिच्या होकाराची २००२ मध्ये तो वाट पाहत बसला होता.