पंचगंगेकाठचे पोलंड

कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांबांवर दात्यांची नावे कोरलेली असून त्या दात्यांत धेनुकाकटाहून आलेले ‘यवन’ अनेक आहेत. हे यवन मूळचे ग्रीक, की येथे राहून येथलेच झालेले व्यापारी, याविषयी पंडितांचे वाद आहेत; ते आपण त्यांच्याकडेच ठेवू. दूरदेशीचा मनुष्य या डोंगरात आला, येथल्या धर्माला त्याने एक खांब दिला आणि त्यावर आपले नाव मागे ठेवले, एवढी गोष्ट आपणांस पुरे आहे. याच डोंगराच्या पायथ्याने, मळवलीवरून, कोल्हापूरकडचा प्रवासी आगगाडीने मुंबई बंदरास जातो. १९४७ आणि १९४८ या दोन सालांत परदेशीयांचा दुसरा एक समुदाय कोल्हापूरहून निघून हा देश सोडून गेला. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. त्यांनी डोंगरात काही कोरून ठेवले नाही. आणि म्हणूनच की काय, पंचगंगेच्या काठी सुमारे पाच वर्षे नांदलेल्या त्या पाच हजार पोलिश निर्वासितांची हकीकत आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनही फारशी ठाऊक नसते.

पोलंडवर १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून रशियाने चाल केली, आणि महिनाभरात ते राष्ट्र नकाशावरून पुसले गेले. रशियाच्या वाट्याला आलेल्या भागात १० फेब्रुवारी १९४० पासून हद्दपारीचे सत्र सुरू झाले. शेतकरी, जंगलखात्यातील नोकर, शिक्षक, शिपाई यांची कुटुंबेच्या कुटुंबे कडाक्याच्या थंडीत मालगाडीच्या डब्यांत कोंडून सैबेरिया, अर्खांगेल्स्क आणि कझाकस्तान येथे धाडण्यात आली. पुढे जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकार व रशिया यांच्यात करार होऊन या लोकांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांच्या नव्या सेनेच्या मागोमाग ही कुटुंबे दक्षिणेकडे वाहत आली, आणि १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. वाटेत उपासमारीने आणि विषमज्वराने किती मेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. जी मुले उतरली त्यांतील पुष्कळांना आईबाप उरले नव्हते.

यांना ठेवून कोण घेणार, हा प्रश्न होता. हिंदुस्थानात प्रथम पुढे झाले ते नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांनी शेकडो पोलिश मुलांची वसाहत उभारून दिली, आणि आपणांस ‘बापू’ म्हणावे असे त्या मुलांस सांगितले. यानंतर मुंबईतील पोलिश वकील बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांच्या खटपटीने, सरकारच्या संमतीने, कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ साली मोठी छावणी वसली. बराकींच्या लांबच लांब रांगा, शाळा, दवाखाना, नाटकगृह आणि प्रार्थनामंदिर असे एक संपूर्ण पोलिश गाव तेथे उभे राहिले. फुप्फुसे अधू झालेल्या मुलांसाठी पाचगणीला वेगळी सोय झाली.

छप्पर आणि अन्न मिळाले; परंतु तेवढ्याने मूल वाढत नाही. या मुलांनी तीन वर्षे काय पाहिले होते? भाकरीच्या तुकड्यासाठी चोरी, आईचे प्रेत गाडीतून खाली उतरविताना पाहणे, आणि कोणावरही विश्वास न ठेवण्याची शिकवण. सैबेरियाहून आलेली मुले उशीखाली पाव लपवून ठेवीत, असे त्यांना सांभाळणाऱ्यांच्या आठवणींत वारंवार येते. अशा मुलाला भूगोल शिकविण्याआधी उद्या सकाळही उजाडणार आहे, एवढे पटवून द्यावे लागते. वळिवड्याच्या वडीलधाऱ्यांनी हे काम मुख्यतः दोन गोष्टींकडून करवून घेतले. एक देवघर, दुसरे क्रीडांगण. आणि या दोहोंस एकत्र बांधणारी संस्था म्हणजे त्यांचे बालवीर-पथक.

येथे पोलंडचा मागचा इतिहास थोडा सांगणे अवश्य आहे. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वाटण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी हे राज्य गिळले, ते १९१८ पर्यंत परत आले नाही. सव्वाशे वर्षे ज्या राष्ट्राला राज्य नव्हते ते जगले कशावर? भाषेवर आणि कॅथलिक पंथावर, हे तर सर्वच सांगतात. पण तिसरी गोष्ट तालीमखान्याची होती. १८६७ साली ल्वूव शहरात ‘सोकोल’, म्हणजे ससाणा, या नावाची व्यायामसंस्था निघाली. वरून पाहता ती नुसती कसरतीची मंडळी; आतून ती सैन्य नसलेल्या राष्ट्राची कवाईत होती. याच संस्थेतील आंद्रेई माल्कोव्स्की या तरुणाने १९११ च्या सुमारास बेडन-पॉवेलचे बालवीरांवरील पुस्तक पोलिश भाषेत उतरविले. कवाईतीला उशिरा आल्याची शिक्षा म्हणून त्याच्याकडे हे भाषांतर आले, अशी कथा पोलिश लोक मोठ्या आवडीने सांगतात. इंग्रजांच्या बालवीराला साम्राज्याचा चांगला नागरिक व्हावयाचे होते. पोलिश बालवीराला जे राज्य नव्हतेच त्याचा नागरिक व्हावयाचे होते. त्याच्या छातीवरचा बिल्ला कमळाच्या आकाराचा नव्हता, तो क्रूसाचा होता. काझिमिएझ लुतोस्वाव्स्की नावाच्या एका पाद्र्याने तो योजिला होता, आणि त्यावर ‘चुवाय’, म्हणजे ‘जागा राहा’, हा एकच शब्द होता.

ज्या देशात आखाडा मारुतीवाचून होत नाही त्या देशाने यात नवल मानावे असे काही नाही. लाल माती अंगाला लावण्याआधी आमचा पैलवान ज्या कोनाड्यापुढे हात जोडतो, त्या कोनाड्याचा आणि कुस्तीचा संबंध काय, असे कोणी विचारल्यास त्याला उत्तर देता येणार नाही. पण तो संबंध तोडला तर आखाडा ओस पडेल. अमेरिकेतही हीच गोष्ट निराळ्या वाटेने घडली. तेथल्या ख्रिस्ती तरुणांच्या संघाने, ज्याला आपण वाय.एम.सी.ए. म्हणतो, शरीर, बुद्धी आणि आत्मा या तिघांची जोपासना एका छपराखाली आणली, आणि त्याच्याच शिक्षकांनी १८९१ साली बास्केटबॉल व १८९५ साली व्हॉलीबॉल हे खेळ शोधून काढले. आज मावळातील खेड्यातल्या पोरांनी दोन बांबूंना जाळे बांधले म्हणजे ती एका मिशनरी संघाचाच खेळ खेळत असतात, हे त्यांच्या गावीही नसते. आणि असावे असेही नाही.

वळिवड्यातील मुलांच्या दिवसाला आकार आला तो अशा रीतीने. सकाळी झेंडावंदन आणि प्रार्थना, मग शाळा, संध्याकाळी मैदान. फुटबॉल, व्हॉलीबॉल, धावणे, पोहणे, रात्री शेकोटीभोवती गाणी. रविवारी उपासना आणि सणांच्या मिरवणुका. पावसाळ्यात चिखल होई, उन्हाळ्यात अंगाची काहिली; पण खेळ थांबत नसे. शेकडो मुलगे आणि मुली या पथकांत होत्या. मुलींचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण छावणीत जाणते पुरुष फार थोडे होते. शिकविणाऱ्या, पथके चालविणाऱ्या, वठणीवर आणणाऱ्या बहुशः स्त्रियाच.

जे थोडे पुरुष आले त्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा पंचविशीतला अधिकारी होता. तो कोझेल्स्कच्या कैदेत होता. १९४० च्या वसंतात रशियनांनी कातिनच्या जंगलात आणि इतरत्र सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व इतर कैदी गोळ्या घालून मारले. कोझेल्स्कमधून जे मोजके वाचले त्यांत हा एक. आपले सोबती कोठे गेले हे एप्रिल १९४३ मध्ये जगाला कळले. असा मनुष्य कोल्हापूरजवळच्या माळावर येऊन पोरांना गाठी मारावयास आणि दिशा ओळखावयास शिकवू लागला. त्याने सूड शिकविला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याच्या हाताखालून गेलेल्यांनी ज्या आठवणी ठेवल्या आहेत त्या मात्र हसतमुख मनुष्याच्या आहेत. पुढे १९५४ साली तो पाद्री झाला आणि २००७ मध्ये वारेपर्यंत कातिनच्या मृतांसाठी झटत राहिला.

बालाचडीतही हाच प्रकार होता, आणि तेथे तर यजमान स्वतः खेळाडू. रणजितसिंहजींचा हा पुतण्या स्वतः क्रिकेट खेळलेला होता व क्रिकेटच्या अखिल भारतीय मंडळाचे अध्यक्षपदही त्याने भूषविले होते. पोलिश पोरांना क्रिकेटचे प्रेम काही लागले नाही. त्यांचा जीव फुटबॉलवर. आणि आसपासच्या संघांशी त्यांचे सामने होत. खेळात यजमान आणि आश्रित हे नाते नव्वद मिनिटांपुरते तरी मोडते, हा त्याचा एक मोठा गुण आहे. दान घेणारा हात सदैव खाली असतो. चेंडूमागे धावणारा पाय तेवढा खाली-वर नसतो.

आता दोन अप्रिय गोष्टी बोलल्या पाहिजेत.

पहिली अशी की, ज्या १९४३ साली वळिवड्याच्या बराकींत पोलिश मुलांना दूध मिळत होते, त्याच साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. कोल्हापूरच्या शेजारी सातारा जिल्ह्यात तेव्हा नाना पाटलांचे प्रतिसरकार भूमिगत राहून चालले होते, आणि देशाचे पुढारी तुरुंगात होते. जे इंग्रज सरकार पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढत असल्याचे सांगत होते तेच आमचे स्वातंत्र्य दाबून धरीत होते. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे पडे, तो आमच्या रयतेवर नव्हता, हे खरे. तरी ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही. विशेष हे की कोल्हापूरच्या सामान्य माणसाने तिचा राग त्या पोरांवर काढला नाही. भाजीवाले, दूधवाले, शिंपी छावणीत जात. कित्येक पोलिश मुले मोडकी मराठी बोलू लागली. आणि काही पोलिश मुली तर कोल्हापूरच्या सुना होऊन येथेच राहिल्या.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. झेंडा, गणवेश, शेकोटी, कवाईत आणि देव हे सारे साहित्य फार धोक्याचे आहे. त्याच काळी जर्मनीत हिटलरने तरुणांच्या पथकांना यांतले देवाखेरीज सर्व काही दिले होते, आणि त्याचे फळ जगाने पाहिले. शिवाय ‘पोलिश म्हणजे कॅथलिक’ हे समीकरण जितके ऊब देणारे तितकेच अपुरे. युद्धापूर्वीच्या पोलंडात तीस लाखांहून अधिक यहुदी राहत होते. तेहरानमध्ये आलेल्या यहुदी अनाथ मुलांचा वेगळा तांडा १९४३ च्या आरंभी कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेला. पंचगंगेकाठच्या पोलंडात त्यांना फारशी जागा नव्हती. एवढे म्हणून झाल्यावर आमचे मत असे की, वळिवड्याच्या मैदानावर मुलांना जे शिकविले गेले ते जिंकण्यासाठी नव्हते. तुटलेल्या मुलाला पुन्हा माणसांत आणण्यासाठी ते होते, आणि त्या कामापुरते पाहता ते यशस्वी झाले. पोलंडात तर त्याच क्रूसाचा बिल्ला लावणारी त्यांच्याच वयाची मुले १ ऑगस्ट १९४४ पासून वॉर्साच्या उठावात गटारांतून टपाल पोचवीत मरत होती.

या मुलांना जी आशा दिली गेली ती एका वचनावर उभी होती: युद्ध संपेल आणि आपण घरी जाऊ. युद्ध संपले. परंतु फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे तीन बड्यांनी पोलंडची पूर्व सीमा मागे सरकविली, आणि ज्या गावांतून ही मुले उचलली गेली होती ती गावे, ‘सोकोल’ जेथे जन्मली ते ल्वूवसुद्धा, रशियाच्या हद्दीत गेली. ५ जुलै १९४५ रोजी इंग्लंडने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. म्हणजे रोज सकाळी ज्या झेंड्याला ही मुले वंदन करीत होती त्याच्यामागे आता सरकार उरले नाही. वंदन मात्र चालूच राहिले. १९४६ साली बालाचडी बंद होऊन तेथली बरीच मुले वळिवड्यास आली, म्हणजे मैदानावर गर्दीच वाढली. पडणार हे ठरलेल्या घराची रोज झाडलोट करावी तसे हे दिसते. पण शेजारच्या मुलाला चेंडू देणे, हरल्यावर हस्तांदोलन करणे, अंधारात दिशा न चुकणे, या गोष्टींना सरहद्द लागत नाही. आणि पुढे त्यांना उपयोगी पडले ते हेच.

१९४७ पासून छावणी रिकामी होऊ लागली. ज्यांचे बाप किंवा भाऊ आंदेर्सच्या सेनेत होते ते इंग्लंडला गेले. काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत. पोलंडला परतणारे थोडेच. इंग्लंडात स्थायिक झालेल्यांनी हिंदुस्थानातील पोलिशांचे एक मंडळ काढले आणि म्हातारपणी सर्वांच्या आठवणी जमवून मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली या लोकांनी एक स्मृतिस्तंभ उभारला, आणि वॉर्सा शहरातही २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचा स्मृतिफलक लागला. छावणीच्या जागेचे काय झाले म्हणाल, तर ती फार दिवस रिकामी राहिली नाही. फाळणी होऊन सिंधमधून जे निर्वासित आले त्यांतील अनेक कुटुंबांना पोलिशांनी सोडलेल्या त्याच बराकींत जागा मिळाली. त्या वसाहतीचे नाव आता गांधीनगर. कोल्हापूरकडचे लोक तेथे कापड घ्यावयास जातात.