टाच दुखतेय? त्यामागे पावणेदोनशे वर्षांची गोष्ट आहे

जानेवारी जवळ आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोनच प्रकारचे मेसेज येतात. एक, मुंबई मॅरेथॉनचं बिब मिळालं. दोन, नडगी दुखतेय, काय करू? मग दुसऱ्या मेसेजखाली सल्ल्यांचा पाऊस पडतो. बर्फ लाव. पळणं बंद कर. शूज बदल. आधी स्ट्रेचिंग करत जा.

मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला इंजिनिअर आहे. पण कोडमधली एखादी ओळ तिथे का आहे हे कळत नसेल, तर ती कुणी आणि केव्हा लिहिली ते आधी बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. तेच या सल्ल्यांचं करून बघितलं. आजचा भाग त्यावर आहे.

सुरुवात पळणाऱ्यांपासून होत नाही, चालणाऱ्यांपासून होते. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातले ब्राइटहाउप्ट नावाचे डॉक्टर एका विचित्र दुखण्याबद्दल लिहितात. लांबची कूच करून आलेल्या सैनिकांचे पाय सुजायचे, पाऊल टेकवत नव्हतं. आणि गंमत म्हणजे पडले नाहीत, लागलं नाही, मुरगळलं नाही. त्यांना वाटलं, पायातल्या कंडरांच्या आवरणाला सूज आली असणार. (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी.) चाळीस वर्षं हे असंच चाललं. मग १८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले, आणि दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, श्टेखो नावाच्या दुसऱ्या लष्करी डॉक्टरने या सैनिकांच्या पायांचे फोटो काढले. पावलाच्या लांब हाडांना तडे गेलेले होते! मार न लागता, नुसतं चालून चालून हाड मोडलं होतं.

असं कसं होतं? याचं उत्तर समजायला बर्लिनचे यूलियस वोल्फ मदतीला येतात. हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही, त्याच्यावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलते, हे त्यांनी १८९२ मध्ये मांडलं. पुढे या कामाचा क्रम कळला, आणि खरी मेख त्या क्रमात आहे. नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड थोडं विरघळवतं आणि मग नवं बांधतं. तोडफोड लवकर होते, बांधकामाला महिने लागतात. म्हणजे तुम्ही जोशात पळायला सुरुवात केली की पहिल्या काही आठवड्यांत हाड मजबूत व्हायच्या ऐवजी थोडं कच्चंच असतं. दम मात्र तोवर वाढलेला असतो. फुफ्फुसं म्हणतात अजून दोन किलोमीटर, आणि नडगीचं काम अजून अर्ध्यावर.

म्हणून इथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. नडगी लांबवर, पसरट दुखत असेल तर ती वेगळी. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर पॉडकास्ट बंद करा आणि डॉक्टरकडे जा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये अशी चीर दिसत नाही, असंही बऱ्याचदा होतं, त्यामुळे एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुन्हा पळायला लागू नका.

आता एकदम अमेरिकेत येऊ. १९६७ मध्ये ओरेगनचे कोच बिल बॉवरमन यांचं जॉगिंगवरचं पुस्तक आलं, १९७२ मध्ये म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन फ्रँक शॉर्टर यांनी जिंकली, आणि ऑफिसला जाणारी साधी माणसं रस्त्यावर पळू लागली. त्यांच्यामागोमाग दुखरे गुडघेही दवाखान्यात पोचले.

१९७८ हे वर्ष माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा सांधा आहे. त्या वर्षी गेब मर्किन या डॉक्टरांचं खेळवैद्यकावरचं पुस्तक आलं आणि त्यातून जगाला एक शब्द मिळाला – राइस. रेस्ट, आइस, कॉम्प्रेशन, एलिव्हेशन. विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय वर. चार अक्षरं, शाळेतल्या पीटीच्या सरांनाही पाठ. त्याच वर्षी ओरेगनचे सर्जन स्टॅन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला. १८० धावपटूंच्या २३२ दुखण्यांचा त्यात हिशोब होता. निष्कर्ष साधा होता: निम्म्याहून जास्त दुखण्यांचं मूळ सरावातल्या चुकांत आहे. अंतर फार वाढवलं, फार लवकर वाढवलं, अचानक चढावर पळायला लागले.

एका गोष्टीला नाव मिळालं, ती जगभर गेली. दुसरी जर्नलमध्ये राहिली. पहिली सांगते दुखल्यावर काय करायचं, दुसरी सांगते का दुखलं. आणि राइस मुळात मुरगळलेल्या घोट्यासारख्या ताज्या मारासाठी होतं. महिनोन्महिने हळूहळू दुखत आलेल्या टाचेलाही लोक तेच लावू लागले.

हे जेम्स म्हणजे नुसता विश्रांतीचा सल्ला देणारे डॉक्टर नव्हते बरं का. १९८४ च्या एप्रिलमध्ये जोन बेनॉइट यांचा अडकलेला गुडघा त्यांनीच दुर्बिणीने ऑपरेट केला. सतरा दिवसांनी ती बाई ऑलिंपिकची निवड-मॅरेथॉन जिंकली, आणि ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णपदक! (घरी करून बघू नका.)

बरं, फार लवकर वाढवू नका, पण किती वाढवा? त्यावर दहा टक्क्यांचा नियम आला: दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढ नको. ऐकायला छान. पण तो तपासला गेला थेट २००८ मध्ये, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला. ५३२ नवखे धावपटू, एका गटाला दहा टक्क्यांच्या हिशोबाने १३ आठवड्यांचा सराव, दुसऱ्याला नेहमीचा ८ आठवड्यांचा. दोन्हीकडे साधारण पाचांतला एक जण जायबंदी झाला. काही फरक नाही. स्ट्रेचिंगचंही तेच. ऑस्ट्रेलियन लष्करातल्या १५३८ नव्या जवानांवरचा अभ्यास २००० साली छापून आला. व्यायामाआधी ताणून घेणाऱ्यांच्या दुखापती इतरांपेक्षा लक्षणीय कमी झाल्या नाहीत. करायचं तर करा, बरं वाटतं. पण त्याला विमा समजू नका. टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकलेला कोड आमच्याकडेच असतो असं नाही.

आणि शूज. आपल्याकडे १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जातात हे पाहून दोराबजी टाटांना वाटलं, हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला का जाऊ नये? पुढच्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पची मॅरेथॉन १९ व्या नंबरवर पूर्ण करून आले. १९६० मध्ये अबेबे बिकिला यांनी रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, आणि १९६४ मध्ये टोकियोची शूज घालून, त्याहून कमी वेळात. त्यामुळे अनवाणी चांगलं की शूज चांगले, या भांडणात बिकिलांचं नाव घेणाऱ्याला मी नेहमी विचारतो, कुठले बिकिला?

सत्तरच्या दशकानंतर दुकानदार आपल्या पावलाची कमान बघून शूज सांगू लागले. सपाट पाय असेल तर हा, उंच कमान असेल तर तो. २००९-१० च्या सुमारास अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोरमधल्या हजारो नव्या भरतीवर हे तपासलं. निम्म्यांना कमान बघून शूज दिले, निम्म्यांना कमान न बघता सरसकट एकाच प्रकारचे. दुखापती सारख्याच. नेमका त्याच काळात अनवाणी धावण्याचा उलटा झंझावात आला. पायाच्या बोटांचे वेगवेगळे कप्पे असलेले ते व्हायब्रमचे शूज आठवतात? आरोग्याच्या फायद्याच्या दाव्यांवरून खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलरची तडजोड केली. घाईने असे शूज वापरायला लागलेल्यांच्या पावलाच्या हाडांत सूज दिसू लागली होती. पुन्हा तेच, वोल्फ आणि अर्धवट बांधकाम.

आता माझा आवडता किस्सा. नव्वदचं दशक, उत्तर स्वीडनमधलं उमेओ शहर. हाकन अल्फ्रेडसन हे हाडांचे सर्जन आणि स्वतः धावणारे. त्यांची टाचेमागची अकिलीस कंडरा इतकी दुखायला लागली की ते बॉसला म्हणाले, ऑपरेशन करा. बॉस नाही म्हणाला, कारण ऑपरेशन केलं तर हा गडी कित्येक आठवडे रजेवर जाणार! चिडलेल्या अल्फ्रेडसन यांनी ठरवलं, ठीक आहे, कंडरा तोडूनच टाकतो, मग तर करावंच लागेल. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि दुखऱ्या पायावर पूर्ण वजन देऊन टाच हळूहळू खाली न्यायची. दुखत होतं तरी, रोज.

कंडरा तुटली नाही. बरी झाली.

मग त्यांनी ते नीट तपासलं. १९९८ मध्ये छापलेल्या अभ्यासात १५ हौशी धावपटू होते, सगळे जुने दुखणाईत. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, वाकवून १५ चे ३ सेट, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८० वेळा, १२ आठवडे. सोपं वाटलं की पाठीवर वजन भरलेली सॅक. पंधराच्या पंधरा जण परत पळू लागले. भाराचा असा व्यायाम कॅनडातल्या कर्विन आणि स्टॅनिश यांनी आधीच, १९८४ मध्ये मांडला होता, हेही खरं. पण दुखत असतानाही चालू ठेवा, हे धाडस अल्फ्रेडसनचं.

हे चाललं का? कारण जुनाट दुखऱ्या कंडरेत नेहमीची सूज फारशी नसतेच. इटलीच्या पुड्डू आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच सांगितलं होतं की तिथे धाग्यांची वीण बिघडलेली असते. वीण पुन्हा बसवायला भार लागतो. नुसत्या बर्फाने आणि गोळ्यांनी ती बसत नाही.

माझी टाच धरली होती तेव्हा फिजिओने मलाही जिन्यावर पाठवलं. सकाळ-संध्याकाळ पायरीवर वर-खाली. दुसऱ्या मजल्यावरचे काका रोज विचारायचे, "लिफ्ट बंद आहे का रे?" तीन महिने लागले. आज १८० चा आकडाही पवित्र राहिलेला नाही. २०१५ मधल्या एका डॅनिश अभ्यासात आठवड्यातून तीनदा, जड वजनाने, सावकाश केलेल्या व्यायामाचा गुण तितकाच आला. मात्र टाचेच्या हाडाला कंडरा जिथे चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीच्या खाली नेऊ नका, सपाट जमिनीवर करा. आणि धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून कट्‌कन आवाज आला, तर जिना नाही, सरळ हॉस्पिटल.

राहता राहिलं राइस. २०१४ मध्ये स्वतः मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबतं असं दिसतंय. आपल्याच सर्वात गाजलेल्या शब्दावर असं लिहायला किती हिंमत लागते बघा. २०१९ पासून फिजिओ मंडळींत एक नवं नाव फिरतंय, पीस अँड लव्ह. लव्हमधला एल म्हणजे लोड, भार. बर्फ त्या यादीत नाही. पहिले एक-तीन दिवस जपा, मग दुखणं वाढणार नाही इतपत भार द्यायला लागा, असा त्याचा रोख आहे. हे नावही कधीतरी तपासलं जाईल, तेव्हा त्यावर वेगळा भाग करू.

तुमच्या ग्रुपवर आलेला सगळ्यात अजब सल्ला व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन सल्ल्यांचा माग काढू.