विश्लेषण: निंबोळी अर्कातून भंडाऱ्यात रोजगार उभा राहील का?

भंडारा जिल्ह्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता वेचला जातो. त्यानंतर रोवणी सुरू होईपर्यंत हाताला फारसे काम नसते. कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकून गळतात त्या नेमक्या याच दिवसांत. बहुतेक ठिकाणी त्या झाडाखालीच कुजतात.

निंबोळीची गरज कोणाला?

धान उत्पादकांना. खोडकिडा, गादमाशी आणि तुडतुडे हे इथल्या धानाचे नेहमीचे शत्रू. तुडतुडे वाढले की बांधीच्या बांधी करपल्यासारख्या दिसतात. घाबरून रासायनिक औषधांचा मारा केला, तर तुडतुडे खाणारे कोळीही मरतात आणि कीड पुन्हा उसळते. माणसांनाही धोका असतोच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला.

अर्क कसा होतो, किती लागतो?

वाळलेल्या निंबोळीची ५ किलो पावडर रात्रभर पाण्यात भिजवायची. सकाळी फडक्यातून गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचे पाणी घालायचे आणि एकूण द्रावण १०० लिटर करायचे. हाच ५ टक्के अर्क. त्यातील ॲझाडिरॅक्टिन किडीला लगेच मारत नाही. तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवते. म्हणून फवारणी कीड कमी असतानाच हवी. उन्हात हा घटक लवकर नष्ट होतो, त्यामुळे संध्याकाळची वेळ बरी.

एकरी २०० लिटर द्रावण धरले तर एका फवारणीला १० किलो पावडर लागते. म्हणजे १०० एकर धानाच्या गावाला एका वेळी १,००० किलो! एवढी निंबोळी वेचणे, गर धुऊन काढणे, सावलीत वाळवणे आणि दळणे हे बचत गटाला पुरेल एवढे काम आहे. पावसात ती ओली राहिली की बुरशी लागते, आणि तेव्हा तर पाऊस तोंडावर असतो. खरी कसोटी वाळवण्याच्या जागेची आहे.

मग बाटलीत भरून विकता येईल?

इथेच अनेक गट अडतात. घरगुती अर्क टिकत नाही, तो त्याच दिवशी वापरावा लागतो. शिवाय कीटकनाशक अधिनियम १९६८ नुसार स्वतःच्या शेतात वापरायला मुभा असली, तरी कीटकनाशक म्हणून विकायचे तर केंद्रीय मंडळाकडे नोंदणी आणि विक्रीचा परवाना लागतो. छोट्या गटाला हा खर्च झेपणारा नाही. त्यामुळे वाळलेली निंबोळी कच्चा माल म्हणून विकणे किंवा गावातल्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन मजुरीने अर्क करून देणे, हेच मार्ग व्यवहार्य दिसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानात देशभरात १०,००० जैव निविष्ठा केंद्रांची तरतूद आहे. तांत्रिक सल्ल्यासाठी साकोलीचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक का?

नाही. दशपर्णी अर्कात पडणारी कण्हेर आणि रुई विषारी आहेत. ती कुटताना, गाळताना हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच.